प्लेट एकतीस

पापाच्या तिकटीला माझं झेरॉक्सचं दुकान.
माळा रिकामा करताना सागवानी खोकं सापडलं,
आत काचेच्या प्लेटा, मधे वर्तमानपत्राच्या घड्या,
झाकणावर शिक्का: टिपुगडे, फोटो व एन्लार्जमेंट.
टिपुगड्यांचं आता कुणी नाही.
भाडेपट्टीत माळ्याचा उल्लेख नव्हता,
म्हणजे खोकं माझंच.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की
एकेक प्लेट ट्यूबलाइटसमोर धरतो.
काचेत सगळं उलटं. काळं आभाळ,
तरण्याताठ्या गड्यांना पांढऱ्या मिशा,
गुऱ्हाळाच्या काहिलीतून निघणारी
डांबरासारखी वाफ.
स्कॅनरवर ठेवून बटण दाबलं
की उजाडतं.

उद्यमनगरातली फौंड्री. इंजिनाच्या चाकावर
मिस्त्रीचा हात, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.
मिलच्या फाटकात भोंग्यानंतरची गर्दी,
एका पोराचं बोट नाकात, कायमचं.
कातड्याच्या कुंडाकाठी चौघे,
बाभळीच्या सालीनं रंगलेले हात
पाठीमागे धरून.
तालमीची पोरं, मधे वस्ताद खुर्चीवर.
खुर्ची स्टुडिओतली; तीच पुढे
नवरदेवाखाली, नंतर एका मयत म्हाताऱ्याखाली,
आणि एकदा बक्षीस मिळालेल्या बोकडाखाली.

प्लेट एकतीस कालव्याची.
पहिलं पाणी सोडल्याचा दिवस असावा.
नव्या दगडी मोरीवर पाच जण,
तीन फेटे, एक टोपी, एक हॅट.
सोबतच्या कागदावर पाचांची नावं हुद्द्यांसकट,
आणि खाली, शाई संपत आल्यासारखं: व इतर.

इतर भरावावर आहेत, डोक्यावर पाट्या.
तो कॅमेरा सावकाश बघायचा.
उभा राहील त्याचा चेहरा, चालेल त्याचा धूर.
पाणीसुद्धा पाणी वाटत नाही,
कुणीतरी धोतर पसरून ठेवलेलं.
बायका आठ की नऊ, मोजता येत नाहीत,
एकीचा पाय दुसरीच्या पाटीखाली.

परवा नागव्वा कुसाळकर आल्या,
हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला.
मशीन तापेपर्यंत स्क्रीनकडं बघत राहिल्या.
"ही माझी आई."
मी म्हटलं, मावशी, चेहराच नाही हो तिला.
"चेहऱ्याचं काय घिऊन बसलास?
खांदा बघ की, कसा खाली गेलाय.
त्या अंगाला मी झोळीत होतो."
मग थांबून, "पर हा उजवा दिसतोय. तिचा डावा.
काच उलटी घातलीस तू."

प्लेट पालथी केली.
मोरीवरचे साहेब या टोकाचे त्या टोकाला गेले,
मागच्या पत्र्यावरचा आकडा सरळ झाला,
आणि कळलं की इतके दिवस मी
कंत्राटदाराला ओव्हरसियर म्हणत होतो.

"फोटो काढताना थोडं थांबली नाही का ती?"
"थांबली की मुकादम खाडा लावायचा."

मी आणखी मोठं करून दाखवायला गेलो.
धूर नुसता पसरला.
"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या,
"लांबनंच बरी दिसती."

दाखल्याचे दोन रुपये, फोटोचे मी नको म्हटलं.
ऐकलं नाही. नाणी काउंटरवर एकावर एक रचली,
कागद पदराखाली धरून
उन्हात गेल्या, बिंदू चौकाकडं,
खांदा जरासा खाली. डावाच,
पण त्यांच्या हातात पिशवीही होती.

संध्याकाळी टिपुगड्यांचा तो कागद काढला.
"व इतर"च्या आधी जागा नव्हती,
समासात, पेन्सिलीनं लिहायला घेतलं.
डावीकडून तिसरी म्हणावं तर पुढच्याच क्षणी
ती चौथी झाली असणार.
शेवटी लिहिलं:
यल्लव्वा, डावीकडून उजवीकडे.